गोदीतली धूळ आणि गावातला दम

कापसातून सरकी काढावी, रुई पिंजावी, पेळू करून सूत काढावे, ही क्रिया विदर्भात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. असाच पिंजता, कातता आणि विणता येणारा एक दगडही आहे आणि त्याचे कापड आगीत टाकले तरी जळत नाही, हे मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटेच वाटते. अ‍ॅस्बेस्टॉस हे त्या दगडाचे नाव. खरे तर ते एका खनिजाचे नसून तंतुमय रचना असलेल्या सहा सिलिकेट खनिजांचे सामाईक नाव आहे. त्यांपैकी पांढरा म्हणजे क्रायसोटाइल, तपकिरी म्हणजे अमोसाइट आणि निळा म्हणजे क्रोसिडोलाइट हे तीन प्रकार उद्योगात सर्वाधिक वापरले गेले. उष्णता, गंज, ओढ यांपैकी कशालाच हा तंतू सहजासहजी दाद देत नाही, आणि शिवाय तो स्वस्त आहे. ज्या गुणामुळे तो बॉयलरवर वर्षानुवर्षे टिकतो, त्याच गुणामुळे तो माणसाच्या फुप्फुसातही टिकून राहतो.

नागपूरपासून मुंबईची गोदी रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेव्हा जहाजांवर काम करणाऱ्यांच्या आजाराशी वऱ्हाडातल्या किंवा झाडीपट्टीतल्या खेड्याचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गोदीत कमावलेला माणूस म्हातारपणी गावाकडेच परततो, आणि हा आजार असा आहे की तो काम करताना दिसत नाही, काम सुटून वीस, तीस, कधी चाळीस वर्षे झाल्यावर दिसतो. म्हणजे कारण समुद्रकाठी राहते आणि दम गावात लागतो. या दोन टोकांना जोडणारा धागा रुग्णाच्या आठवणीखेरीज बहुधा कुठेच नसतो.

जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे छोटे वीज केंद्रच असते. वाफेवर चालणाऱ्या जहाजात बॉयलर, टर्बाइन आणि त्यांना जोडणारे तापलेले पाइप लोखंडाच्या बंद पोटात असतात. ती उष्णता आवरली नाही तर इंजिनखोलीत माणूस उभा राहू शकत नाही, आणि आग लागली तर पळायला जागा नसते. म्हणून बॉयलरवर आणि पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे जाड लेपन, सांध्यांमध्ये त्याचे गॅस्केट, झडपांमध्ये त्याची दोरी, खोल्यांच्या भिंतींत त्याच्या फळ्या, तारांवर त्याचे वेष्टन, असे ते जहाजाच्या अंगभर भरले जाई. दुसऱ्या महायुद्धात एकट्या अमेरिकेच्या जहाज कारखान्यांत सुमारे ४५ लाख लोकांनी काम केल्याचे सांगितले जाते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कशात श्वास घेतो आहोत याची कल्पना नव्हती. ब्रिटनमध्ये आजही मेसोथेलिओमा या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण बॅरो-इन-फर्नेस आणि क्लाइड नदीकाठच्या जुन्या जहाजबांधणीच्या भागांत ठळकपणे जास्त आढळते. कारखाने बंद पडून गेले, तरी आकडे मात्र त्या गावांची ओळख विसरलेले नाहीत.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. धोका केवळ लेपन करणाऱ्या कामगारालाच होता असे नाही. जहाजाच्या पोटात एकाच वेळी वेल्डर, पाइपफिटर, इलेक्ट्रिशियन, सुतार आणि रंगारी काम करत असत. एकाने पाइपावरचे जुने लेपन करवतीने कापले की त्याची धूळ त्या बंद जागेतल्या सगळ्यांच्याच नाकात जाई. त्यामुळे 'मी तर फक्त वायरिंगचे काम करत होतो, अ‍ॅस्बेस्टॉसला मी हातही लावला नाही', असे सांगणारा माणूस खरे बोलत असतो आणि तरीही त्याची छाती त्या धुळीने भरलेली असू शकते.

जहाज बांधताना जे भरले, ते जहाज मोडताना बाहेर येते. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यात अलंग येथे १९८३ पासून जुनी जहाजे मोठ्या भरतीच्या वेळी किनाऱ्यावर चढवून गॅस कटरने कापली जातात. मुंबईत दारूखाना या बंदरकाठच्या भागातही हे काम पूर्वीपासून होत आले आहे. बांधणीपेक्षा मोडणीचे काम अधिक वाईट, कारण बांधताना लेपन ओले आणि नवे असते, तर मोडताना ते पंचवीस-तीस वर्षे भाजून भुसभुशीत झालेले असते आणि हात लावताच त्याचा भुगा होतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अलंगच्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के कामगारांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये अ‍ॅस्बेस्टोसिसची, म्हणजे या धुळीने फुप्फुस निबर होण्याच्या आजाराची, सुरुवात असावी अशा खुणा आढळल्या. त्याच सुमारास, २००६ साली, 'क्लेमेन्सो' ही फ्रान्सची जुनी विमानवाहू नौका अलंगकडे निघाली असताना तिच्यातील अ‍ॅस्बेस्टॉसवरून मोठा वाद झाला आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलावले. 'ब्लू लेडी' या प्रवासी जहाजाच्या पोटात बाराशे टनांहून अधिक अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त सामग्री असल्याचे सांगितले जात होते. ते मात्र न्यायालयाच्या परवानगीने अलंगलाच मोडले गेले. नव्या जहाजांत अ‍ॅस्बेस्टॉस बसवण्यास १ जुलै २००२ पासून काही अपवाद वगळून, आणि १ जानेवारी २०११ पासून संपूर्णपणे, आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पण २००२ च्या आधी बांधलेली जहाजे अजूनही मोडणीला येतात, त्यामुळे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

आता ही धूळ शरीरात नेमके काय करते ते पाहू. शेतातली माती किंवा जिनिंगमधली रुई नाकात गेली की आपण शिंकतो, खोकतो, काळपट शेंबूड बाहेर टाकतो. मोठे कण नाकातल्या केसांत आणि श्वासनलिकेच्या चिकट अस्तरात अडकतात. अ‍ॅस्बेस्टॉसचा धोकादायक तंतू यातून निसटतो, कारण तो लांब असला तरी अतिशय बारीक असतो. एखादा तंतू माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असू शकतो, डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, घशाला खवखवतही नाही, आणि तो हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या बाहेरच्या कणाला गिळून नष्ट करतात. पण तंतू पेशीहून लांब असला तर तो गिळता येत नाही. पेशी अर्धवट गिळते, मरते आणि मरताना दाह निर्माण करणारी रसायने सोडते. मग दुसरी पेशी येते आणि तिचेही तेच होते. हा झगडा संपत नाही, कारण दगड कुजत नाही. वर्षानुवर्षांच्या या दाहामुळे फुप्फुसाच्या मऊ जाळीच्या जागी निबर व्रण तयार होतात, आणि काही पेशींच्या जनुकांत बिघाड होऊन कर्करोगाचे बीज पडते. निळा आणि तपकिरी प्रकार सुईसारखे सरळ असल्याने फुप्फुसात जास्त काळ राहतात, पांढरा वळणदार असून तुलनेने लवकर तुटतो, हे खरे आहे. त्यावरून पांढरा निर्धोक असल्याचा युक्तिवाद उद्योगाकडून केला जातो. तो टिकणारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार माणसात कर्करोग निर्माण करणारे ठरवले आहेत आणि फुप्फुस, स्वरयंत्र, अंडाशय यांचा कर्करोग तसेच मेसोथेलिओमा यांच्याशी त्याचा संबंध सिद्ध मानला आहे.

या धुळीमुळे होणारे आजार एकसारखे नाहीत. अ‍ॅस्बेस्टोसिसमध्ये फुप्फुस हळूहळू निबर होते. सुरुवातीला धुऱ्यावरून चालताना किंवा विहिरीच्या पायऱ्या चढताना दम लागतो, मग सपाट रस्त्यावरही लागतो, कोरडा खोकला राहतो, काहींच्या बोटांची टोके फुगीर होतात, आणि डॉक्टरांनी पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला तर श्वास आत घेताना वाळक्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा चरचर आवाज येतो. निबर झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. फुप्फुसाच्या आवरणावर जाडसर चट्टे उठणे हा दुसरा प्रकार. ते स्वतः कर्करोग नसतात, पण या माणसाने कधीतरी अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ घेतली आहे याची ती पक्की नोंद असते. फुप्फुसाचा कर्करोग आपल्या परिचयाचा आहे. मेसोथेलिओमा मात्र वेगळा: तो फुप्फुसाभोवतीच्या किंवा पोटाच्या आतल्या पातळ आवरणाचा कर्करोग असून अ‍ॅस्बेस्टॉसखेरीज इतर कारणांनी तो क्वचितच होतो. छातीत पाणी होते, सतत दुखते, वजन उतरते, आणि निदान झाल्यावर उरलेले आयुष्य बहुतेकदा महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत मोजावे लागते.

हे सारे कळायला जगाला इतका उशीर का झाला, याचे उत्तर मधल्या काळाच्या लांबीत आहे. अ‍ॅस्बेस्टोसिस दिसायला साधारणतः दहा ते वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि मेसोथेलिओमाला बहुधा तीस ते चाळीस. ब्रिटनमध्ये १९२४ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातील नेली कर्शॉ ही कामगार स्त्री मरण पावली. तिच्या फुप्फुसांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. विल्यम कुक यांनी १९२७ साली या आजाराला अ‍ॅस्बेस्टोसिस हे नाव दिले. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. न्यूयॉर्कचे डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी १९६० च्या दशकात लेपन करणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या नोंदवह्या घेऊन कोण कधी कामाला लागला आणि कोण कशाने गेला याचा हिशेब लावला. सेलिकॉफ यांच्या कामाचे मला सर्वाधिक अप्रूप वाटते ते यासाठी की त्यांचे मुख्य साधन एखादे यंत्र नसून कामगारांची नीट जपलेली हजेरी होती.

याच कामातून तंबाखूच्या धुराविषयीची एक फार महत्त्वाची गोष्ट पुढे आली. धूम्रपान न करणाऱ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका एक धरला, तर केवळ अ‍ॅस्बेस्टॉसमुळे तो सुमारे ५ पट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे ११ पट आणि दोन्ही एकत्र आल्यास ५० पटींहून अधिक होतो, असे त्या अभ्यासात दिसले. ही बेरीज नाही, जवळजवळ गुणाकार आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे ज्या घरांत बिड्या वळल्या जातात तिथे बिडी ओढणे हे व्यसनही मानले जात नाही. गोदीतून आलेल्या माणसाने मात्र ती पहिल्या दिवशीच टाकून द्यावी, कारण अडकलेले तंतू काढणे कोणाच्याच हातात नसले तरी गुणाकारातला दुसरा आकडा कमी करणे त्याच्या हातात असते. मेसोथेलिओमाचा बिडीशी संबंध आढळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे दुष्परिणाम तोंडाच्या कर्करोगाशी निगडित आहेत आणि तो स्वतंत्र विषय आहे.

धूळ कामगारापाशीच थांबते असेही नाही. लंडनमधील एका अभ्यासात १९६५ साली मेसोथेलिओमाचे असे रुग्ण आढळले, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवले नव्हते. त्यांच्या घरातले कोणीतरी तिथे काम करत असे आणि काहींनी त्याचे धुळीने माखलेले कपडे धुतले होते. कामावरून आलेल्या नवऱ्याचा सदरा दाराशी झटकणारी बायको आणि बापाच्या मांडीवर जाऊन बसणारे मूल यांचाही म्हणून हिशेब ठेवावा लागतो.

आपल्या डोक्यावरच्या छताकडे वळताना सूर थोडा बदलावा लागतो, कारण येथे घबराट पसरवणे तितकेच चुकीचे ठरेल. कवेलूंवर माकडांनी उड्या मारून दर पावसाळ्याआधी घर शाकारण्याचा त्रास चुकावा म्हणून अनेकांनी घरावर किंवा गोठ्यावर राखाडी 'सिमेंटचे पत्रे' घातले. त्यात मुख्यतः सिमेंट आणि साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. भारतात त्याच्या खाणकामाचे नवे परवाने १९८६ पासून थांबवले गेले, पण आयात चालू आहे आणि जगात त्याचा सर्वांत मोठा आयातदार भारतच आहे; माल मुख्यतः रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून येतो. पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरलेला असतो, त्यामुळे शाबूत पत्र्याखाली राहणाऱ्याची आणि जहाजाच्या पोटात लेपन खरवडणाऱ्याची तुलना होऊ शकत नाही. धोका कापण्यात, भोके पाडण्यात, फोडण्यात आणि कोरडा भुगा झाडण्यात आहे. मे महिन्याच्या वावधनात फुटलेल्या पत्र्यांचे तुकडे कुटून गल्लीतल्या खड्ड्यांत भरण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती बंद व्हायला हवी, कारण बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांखाली त्यांचे रोज पीठ होते. पत्रा काढायचाच असेल तर आधी पाण्याने चांगला भिजवावा, आकड्यांचे नट सोडवून अखंड उतरवावा, करवत किंवा ग्राइंडर लावू नये, आणि तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधून पोरांच्या आणि जनावरांच्या वाटेपासून दूर ठेवावेत. तोंडाला बांधलेला दुपट्टा हे तंतू अडवत नाही. त्यासाठी बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच लागतो. जुन्या नळयोजनांतील अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपांतून आलेले पाणी पिण्याने कर्करोग होतो, असा ठोस पुरावा नाही; तो पाइप दुरुस्तीसाठी कोरडा कापणाऱ्याने मात्र सांभाळावे.

आता समजा, तरुणपणी दारव्ह्याकडचा एक माणूस मुंबईला गेला, आठ वर्षे ठेकेदाराकडे जहाजांच्या दुरुस्तीत राबला आणि परत येऊन वावर कसू लागला. साठीत त्याला दम लागू लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचा थुंकीचा नमुना घेतला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण आपल्याकडे खोकला आणि छातीतले पाणी यांमागे क्षयरोग असण्याची शक्यता आधी तपासलीच पाहिजे. थुंकीत जंतू सापडत नाहीत. मग दमा म्हणून पंप दिला जातो, किंवा बिडीचा दोष मानला जातो, किंवा एक्स-रेवरच्या सावल्या पाहून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि सहा महिन्यांनी दम तसाच राहतो. या सगळ्यात डॉक्टरांची बेफिकिरी असतेच असे नाही. समोरचा माणूस शेतकरी आहे, केसपेपरवर व्यवसाय 'शेती' असे लिहिलेले आहे आणि तो स्वतःही तेच सांगतो; तीस वर्षांपूर्वीची गोदी त्या खोलीत कोणाच्याच मनात नसते. 'आज काय करता' याऐवजी 'आजवर कुठे कुठे आणि काय काय काम केले' असे विचारले तरच ती बाहेर येते. ते कळल्यावर नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ किंवा अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील श्वसनविकार विभागाकडे पाठवून फुप्फुसांची क्षमता मोजणारी फुंकर चाचणी आणि छातीचा सीटी स्कॅन करता येतो. अ‍ॅस्बेस्टोसिस बरा करणारे औषध नाही. तरी धूम्रपान सोडणे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घेणे, गरज पडल्यास प्राणवायू देणे आणि वेळोवेळी तपासणी करत राहणे यांनी पुष्कळ फरक पडतो. शिवाय क्षयाच्या अनावश्यक गोळ्याही टळतात.

निदानाला कायदेशीर बाजूही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांविषयी दिलेल्या निकालात प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला, आणि आजार प्रमाणित झालेल्या कामगाराला एक लाख रुपयांची भरपाई ठरवली. आजार किती उशिरा येतो हे ओळखून घातलेली ती मुदत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत अ‍ॅस्बेस्टोसिस हा कारखाने अधिनियमाखाली शासनाला कळवावयाचा आजार होता आणि कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांच्या यादीत त्याचे नाव होते. अडचण अशी की यांतले प्रत्येक कलम हजेरीपटावर नाव असलेल्या माणसाला गृहीत धरते, आणि मुकादमाने रोजंदारीवर नेलेल्या माणसाचे नाव बहुधा कुठल्याच पटावर नसते.

म्हणून घरातली ट्रंक उघडून पाहावी. गोदीत शिरण्याचा जुना पास, कामगार विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, ठेकेदाराने दिलेली चिठ्ठी, सोबत काम केलेल्या दोघांची गावे, जहाजाचे नाव आठवत असेल तर तेही, असे जे हाती लागेल ते एका वहीत उतरवावे आणि पुढच्या वेळी रुग्णालयात जाताना वही सोबत न्यावी. केसपेपरवर 'शेती' या शब्दापुढे डॉक्टरांना एवढी ओळ लिहायला सांगावी: '१९८६ ते १९९४, मुंबई, जहाजाच्या इंजिनखोलीत पाइपांवरचे जुने लेपन काढण्याचे काम.'